दुसरं टोक

या, असे जवळ सरका. आज आवाज चढवून सांगण्यासारखं काही नाही. दमलेल्या माणसांची गोष्ट दमादमानंच सांगावी लागते. ज्या घरची ही गोष्ट, त्यांचा चादरी-ब्लँकेटं धुण्याचा कारखाना आहे. ती वाफ, ते हौद, इस्त्रीच्या टेबलावरचा तो गरम वास. आज कारखाना बाजूला ठेवू. आज त्या घरातल्या एका बाईवर पडलेल्या डागाची गोष्ट सांगतो. डाग खरा होता की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा. वर एक धनी बसला आहे, तो म्हणे प्रत्येक कापड उलटून बघतो. आपण माणसं मात्र सुलट बाजू बघून घडी घालतो आणि मोकळे होतो.

तर, मोठी काकू दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. अंगावर कालचंच लुगडं होतं. समोरच्या खोलीत चिमणी झोपली होती. चिमणी म्हणजे धाकट्या दिराची एकुलती एक लेक, पोटात सहा महिने उलटलेलं बाळ. दाराच्या फटीतून काकूला पलंगाचा पाय आणि लोंबणाऱ्या चादरीचा कोपरा दिसत होता. कोपरा दुमडलेला होता, आत बोट घालून दाबलेला. ती दुमड काकूच्या हातची होती. या दवाखान्याच्या चादरी वर्षानुवर्षं तिच्याच कारखान्यात धुतल्या जात होत्या. चार दिवसांपूर्वी ज्या चादरीची आपण घडी घातली, तिच्यावर आपलीच पोर येऊन निजेल, हे त्या वेळी कुणाला ठाऊक होतं?

"जाऊबाई, चहा घ्या," धाकटी जाऊ पेला घेऊन आली. डोळे सुजलेले. "साखर जास्त पडली आहे. माझं लक्षच नव्हतं."

"पडू दे. गोड लागलं तर कुठे बिघडतं."

"काल तुम्ही ओरडला नसतात तर..."

"नको ते," काकू म्हणाली. "प्यायचंय ना चहा? बस इथे."

काल काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

त्या घरात एक म्हण होती: चादर खोटं बोलत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुणारी माणसं ती. कुठल्या खोलीत कोण आजारी आहे, कोण रात्रभर रडलं आहे, हे त्यांना चादरीवरून कळायचं. त्यामुळे घरात कुणाचं काही दुखलंखुपलं की आधी चादर बघायची. पोटुशी बाई कळवळली तर पहिल्यांदा चादर. कोरी असली की देवाचे आभार मानायचे आणि गरम पाण्याची पिशवी द्यायची.

काल सकाळी चिमणी माहेरी आली होती. इस्त्रीच्या खोलीत गप्पा मारता मारता एकदम कमरेवर हात दाबून वाकली. उजव्या कुशीत, बरगडीखाली, कुणी कात्री खुपसावी तसं दुखलं म्हणाली. तिला आतल्या पलंगावर निजवलं. तिच्या आईनं चादर बघितली. कोरी. फोनवर विहीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बाळानं बरगडीत पाय मारला असेल, आमच्या सगळ्यांना असंच व्हायचं. चिमणीच्या वडिलांनीही दारातून डोकावून विचारलं, "चादर बघितली का?" आणि कोरी म्हटल्यावर हौदाकडे निघून गेले.

सगळे निवांत झाले होते. तेवढ्यात मोठी काकू आत आली. तिनं चादरीकडे बघितलंच नाही. चिमणीच्या ओठांकडे बघितलं. ओठ कपड्याला निळीचं पाणी लागावं तसे झाले होते, कपाळ गार होतं, आणि पोर जांभया देत होती.

"कोऱ्या चादरीवर जाऊ नका!" काकू अशी ओरडली की बाहेर यंत्रावरची माणसं थांबली. "गाडी काढा! आत्ताच्या आत्ता!"

गाडी म्हणजे माल पोचवायची गाडी. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर चिमणीला आडवी करून आणलं. दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं, बाळाची वार गर्भाशयापासून सुटली असेल. पण सोनोग्राफीत वार जागेवर, बाळ जिवंत, आणि रक्त सगळं पाठीमागच्या बाजूला, उजव्या किडनीभोवती साचलेलं. किडनीत गाठ होती. ती फुटली होती. बाहेर एक थेंब आला नव्हता, आत मात्र पोर रिकामी होत चालली होती. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढलं, तेव्हा कुठे रात्री ओठांना रंग आला.

ही झाली कालची गोष्ट. काकूच्या अंगात तेव्हापासून जोर उरला नव्हता. ती रडत नव्हती, प्रार्थनाही नीट करत नव्हती. मनात नुसतं 'तू आहेस ना, तू आहेस ना' एवढंच चाललं होतं. ते देवाला विचारणं होतं की स्वतःला बजावणं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चिमणीच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, रुग्णाच्या समोरच बोलू, तिच्या पाठीमागे मी काही ठरवत नाही. खोली लहान, माणसं पाच. पलंगाच्या उशाशी जावई उभा होता. कुलपं दुरुस्त करायचं दुकान त्याचं. खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि घाबरला की तो खुळखुळवायची सवय. खुर्चीवर त्याची आई, विहीणबाई. पायथ्याशी चिमणीचे आईवडील. मोठी काकू दाराशी, आपली जागा तीच, अशी उभी.

"रक्त सध्या थांबलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपणहून थांबलं. गाठ कॅन्सरची नाही, हे आधी सांगते. चरबीचा, स्नायूंचा आणि रक्तवाहिन्यांचा गोळा आहे. पण त्यातल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. तुमच्याकडे पाण्याच्या रबरी नळ्या असतील ना? जुनी नळी एका जागी फुगते, तसा एका वाहिनीला फुगा आला आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, दाब वाढतो, असल्या गाठीही वाढतात. काल एक फुगा फुटला. दुसरा तिथेच आहे."

"थांबलं ना पण?" विहीणबाई म्हणाल्या. "देवानं थांबवलं, तर आता ढवळाढवळ कशाला? मी हिला घरी नेते. पलंगावरून पाय खाली ठेवू देणार नाही. बाळ मोठं होऊ दे, मग बघा काय करायचं ते."

"बाळाला बाहेर यायला अजून बराच काळ आहे. आणि तोवर तो फुगा थांबेल याची खात्री मला नाही."

"मग काढून टाका किडनी!" चिमणीचे वडील म्हणाले. काकू त्यांना भावजी म्हणायची. आवाज दांडगा, कारखान्यात यंत्रावर ओरडून ओरडून झालेला. "एका किडनीवर माणसं जगतात. मी ऐकलं आहे."

"जगतात. पण हिच्या डाव्या किडनीतही दोन लहान गाठी आहेत. उद्या त्यांचं काय होईल ते आज सांगता येत नाही. म्हणून उजवी जेवढी वाचेल तेवढी वाचवायची. अगदीच गळ्याशी आलं तर काढू." त्या चिमणीकडे वळल्या. "माझं म्हणणं असं. जांघेतून एक बारीक नळी घालायची, शेवईएवढी. ती किडनीपर्यंत न्यायची आणि फुगा आलेली वाहिनी आतून बुजवायची. कापाकापी नाही. तू जागी राहशील."

"आतून कुलूप घालायचं," जावई हळूच म्हणाला. किल्ल्या खुळखुळल्या.

"हो, आणि किल्ली फेकून द्यायची," डॉक्टरीणबाई हसल्या. "बरोबर समजलात."

चिमणी आतापर्यंत छताकडे बघत होती. "नळी कुठे चालली आहे ते दिसणार कसं तुम्हाला?"

"क्ष-किरणांनी."

"मग नको."

"पोटावर शिशाचं आवरण घालतो, वरून आणि खालून. किरण फक्त किडनीपुरते, आणि तेही शक्य तितके कमी. बाळाला धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. फार थोडा आहे. पण काल तुझा रक्तदाब खाली गेला तेव्हा बाळालाही रक्त कमी पडत होतं. पुन्हा तसं झालं तर तो धोका याच्या कितीतरी पट मोठा."

"बघा, धोका आहे म्हणताहेत," विहीणबाई म्हणाल्या.

"धोका तर घरी न्यायलाही आहे, आई," जावई म्हणाला. आईला उलटून बोलायची सवय नसलेला पोरगा. बोलून झाल्यावर स्वतःच दचकला.

"तू गप्प. तुला जन्म देताना मी काय काय सोसलं..."

"तुमचं सोसणं राहू द्या विहीणबाई, माझी पोर जायची वेळ आली होती काल!" धाकटी जाऊ एकदम उसळली. मग स्वतःच पदरात तोंड लपवून रडू लागली. "मीच चादर बघितली. मीच म्हटलं कोरी आहे."

काकू पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवणार होती, पण मध्ये भावजी उभे होते. तिच्यात आणि भावजींत एवढं अंतर नेहमीच असायचं. ती होती तिथेच राहिली.

तेव्हा चिमणीनं विचारलं. "आत्या कशी गेली?"

आत्या म्हणजे भावजींची बहीण. घरात तिचं टोपणनाव भिंगरी, कारण ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही. तिच्या जाण्याविषयी त्या घरात तीसेक वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

"आत्ता कशाला ते," भावजी म्हणाले.

"आत्ताच. आत्याही पोटुशी असतानाच गेली ना? मला लहानपणापासून सगळे 'अगदी भिंगरी' म्हणतात आणि मग जीभ चावतात. मला माहीत असल्याशिवाय मी कशाला हो म्हणणार नाही. नळीला नाही, घरी जायला नाही, कशालाच नाही."

"ओझं उचललं तिनं," भावजी म्हणाले. त्यांनी दाराकडे बघितलं नाही, पण न बघताही कुणाकडे बोट दाखवता येतं. "पोटुशीला ओल्या ब्लँकेटचं ओझं उचलायला लावलं. त्यानं गेली."

हा तो डाग. सासूबाईंनी तेव्हा तो काकूच्या कपाळी लावला होता. मोठी सून नवी होती घरात. माहेरपणाला आलेली नणंद उन्हात गाणं म्हणत वाळत घातलेल्या उशांचे अभ्रे काढत होती. सुनेच्या हातात जाड लोकरी ब्लँकेट होतं, पाणी पिऊन दगड झालेलं. तसलं ब्लँकेट पिळायला दोघं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोघांनी उलटं पिळायचं. ती म्हणाली होती, "वन्सं, एवढं टोक धरता का?" भिंगरी हसत आली होती. "वहिनी, तू पिळ, मी नुसती धरते. पिळून निघायची सवय मला सासरी झालीच आहे!" दोघी हसल्या होत्या. आणि त्या संध्याकाळी ती गेली.

तेव्हापासून सासूबाईंनी हुकूम केला होता: हिच्या पिळ्याचं दुसरं टोक कुणी धरायचं नाही. हौदाजवळच्या भिंतीत एक लोखंडी हूक ठोकून घेतला. काकू ब्लँकेटचं एक टोक त्याला अडकवायची आणि दुसऱ्या टोकाशी एकटी झटायची. नवरा होता तोवर तोही आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. सासूबाई गेल्या, पण हूक राहिला. मोठी यंत्रं आली, तरी लोकरी ब्लँकेटं यंत्रात आटतात म्हणून हातानंच पिळावी लागत. येणारे-जाणारे विचारायचे, हा हूक एवढा चकचकीत कसा? काकू म्हणायची, "माझा जोडीदार आहे तो. एक बरं आहे, उलट बोलत नाही."

डॉक्टरीणबाई भावजींकडे बघत होत्या. "तुमची बहीण गेली तेव्हा रक्तस्राव झाला होता का? बाहेर?"

"मला काय माहीत? मी तेव्हा लहान होतो. आई म्हणाली ते..."

"नाही झाला," दारातून आवाज आला. आवाज काकूचा होता. तिला स्वतःलाच तो परका वाटला. "एक थेंब नाही. त्यांची चादर मीच धुतली. कोरी होती. कुशीत दुखतं म्हणत होत्या, याच, उजव्या. जांभया देत होत्या. सासूबाईंनी चादर बघितली आणि म्हणाल्या, चादर कोरी आहे, नाटकं करू नको. मी म्हटलं गाडी आणू का, तर म्हणाल्या, आधी ओझी उचलायला लावायची आणि मग गाड्या आणायच्या. आम्ही थांबलो. थांबता थांबता त्यांच्या ओठांना निळीचा रंग आला."

"म्हणून काल तुम्ही चादर बघितली नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझा चादरीवरचा विश्वास त्याच दिवशी उडाला, बाई. धुवायचं काम आहे म्हणून धुते."

डॉक्टरीणबाई भावजींच्या जवळ गेल्या. "तुमच्या बहिणीच्या गालांवर असे दाणे होते का? नाकाच्या दोन्ही बाजूंना?"

भावजींचा हात आपसूक गालावर गेला. ती तर त्या घराची शान! बारीक लालसर दाणे, मोहरी उधळल्यासारखे. सासूबाई नातवंडं मांडीवर घेऊन गाल चाचपायच्या आणि गाणं म्हणायच्या, "मोहरीचा गाल, आमच्या घरचा लाल." भिंगरीला मोहरी होती. भावजींना होती. चिमणीला पाचव्या-सहाव्या वर्षी उगवली तेव्हा सासूबाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला होता. काकूच्या मुलाला उगवली नाही, म्हणून तो 'सुनेवर गेलेला' ठरला होता.

"पाठीवर पांढरे डाग? पानाच्या आकाराचे?"

"ते... आहेत. आमच्या जन्माआधी आईच्या अंगावर ब्लीच सांडलं होतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो," भावजी म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"ही चेष्टा नाही, ही एक आनुवंशिक व्याधी आहे. गालावरचे दाणे, पांढरे डाग आणि किडनीतल्या या गाठी, तिन्ही एकाच मुळाची फळं. आईकडून किंवा वडिलांकडून येते. तुमच्या बहिणीचं काय झालं ते आज खात्रीनं सांगता येणार नाही, कुणी उघडून बघितलं नव्हतं. पण यांनी जे सांगितलं, ते कालच्याशी जुळतं." मग म्हणाल्या, "तुमचीही तपासणी करू आपण."

भावजी खाली बसले. खुर्ची नव्हती, म्हणून पलंगाच्या कडेवर, लेकीच्या पायांजवळ. माणसाचा आवाज गेला की तो किती लहान दिसतो! एवढा दांडगा गडी, आणि हात मांडीवर उलटे पडलेले.

"म्हणजे हिला माझ्यामुळे," ते म्हणाले.

"बाबा," चिमणी म्हणाली.

"माझ्यामुळे. आणि मी आयुष्यभर..."

काकूनं या घडीची वाट बघितली नव्हती, असं मी म्हणणार नाही. माणूसच होती ती. हौदापाशी एकटीनं पिळताना कितीदा मनात आलं असेल की एक दिवस देव बोलेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. आता तो बोलला होता. आणि तिला कसलाच आनंद होईना. नुसता थकवा आला, ओलं कापड खांद्यावर घेऊन लांब चालल्यानंतर येतो तसा. शिवाय मनाच्या तळाशी एक खडा होता, तो हललाच नाही. टोक धरा असं ती म्हणाली होती, हे खरंच होतं.

"डॉक्टरीणबाई," तिनं विचारलं, "ब्लँकेटचं टोक धरल्यानं फुटते का गाठ?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"फुटूही शकते," डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या होत्या. "खोकल्यानं फुटते. कुशीवर वळल्यानं फुटते. शांत झोपेतही फुटते. हिची काल कशानं फुटली?"

"मी उभी होते नुसती," चिमणी म्हणाली. "बाबांची नक्कल करत होते."

आणि इतक्या जड घटकेला जावयाला हसू फुटलं. मग चिमणीला. मग धाकट्या जावेला, रडता रडता. विहीणबाई "काय ही माणसं!" म्हणाल्या, पण त्यांनाही पदर तोंडाला लावावा लागला. भावजी मात्र हसले नाहीत. ते काकूकडे बघत होते, आणि आज सरळ बघत होते.

"बाळालाही असेल का हे?" चिमणीनं हसू पुसून विचारलं.

"निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. असलं तरी सगळ्यांना सारखं होत नाही, आणि माहीत असलं की सांभाळता येतं. तुझ्या आत्याच्या वेळी कुणाला माहीतच नव्हतं."

चिमणीनं पोटावर हात ठेवला. बाहेर गाडा ढकलत कुणीतरी मळक्या चादरी नेत होतं, चाकाचा आवाज दूर गेला.

"काकू, तू इकडे ये."

काकू आली. भावजींनी उठून तिला जागा दिली.

"तू सांग. मी काय करू?"

"मला काय कळतं त्यातलं."

"तुला काल कळलं. सगळे चादर बघत होते, तू मला बघितलंस. आताही बघ आणि सांग. देवावर सोपव असं म्हणू नकोस हं!"

काकूनं तिचा हात हातात घेतला. सुईच्या जागी निळं पडलं होतं. "देवावर माझा फार भरवसा आहे ग. पण त्यानं दोनदा चादर कोरी ठेवून मला एकच गोष्ट सांगितली. बाहेरून शांत दिसतं म्हणून थांबायचं नाही. तेव्हा आम्ही थांबलो. माझं ऐकशील तर तू थांबू नकोस. बाळ तुझ्यात आहे. तू राहिलीस तर त्याला घर राहील."

चिमणीनं डोळे मिटले. मग उघडले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "करा. पण शिशाचं ते आवरण मला आधी हातात घेऊन बघायचं आहे. जड आहे की नाही ते."

"भरपूर जड आहे. उचलू देणार नाही मी तुला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विहीणबाईंनी तोंड फिरवलं होतं. सगळे बाहेर निघाले तशा त्या मागे राहिल्या, सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "माझा राग नाही. मला भीती वाटते एवढंच. मला भीती वाटली की मी अशीच बोलते."

नळी घातली, वाहिनी बुजली. नंतर चिमणीला ताप आला, कूस ठणकली; डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे होणारच होतं. बाळाचे ठोके त्या ठकठक यंत्रातून ऐकू येत राहिले. जावई तिथेच कान लावून बसला. म्हणे, नीट बसलेल्या कुलपाचा आवाज असाच येतो.

कारखान्यात तोवर सगळं तसंच पडलं होतं. चिमणीचा ताप उतरल्यावर काकू सकाळी हौदाकडे गेली. लोकरी ब्लँकेटं भिजून भिजून वास मारायला लागली होती. तिनं पदर खोचला, एक उपसलं, टोक हुकाला अडकवलं आणि दुसरं टोक धरून पाय रोवले. हात भरून आले होते. पहिल्या पिळालाच थांबावं लागलं.

मागून पावलं वाजली. भावजी होते. त्यांचीही तपासणी झाली होती. दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या, लहान, लक्ष ठेवावं लागणाऱ्या. ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. हुकावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी ताई गात होती का?" त्यांनी विचारलं.

"गात होत्या. आणि सूर चुकत होत्या."

"तिचा नेहमी चुकायचा." ते तिच्याकडे वळले. "वहिनी, मला बोलता येत नाही हो. मी ओरडू शकतो, बोलता येत नाही."

"मग नका बोलू. ब्लँकेट खोळंबलंय माझं."

भावजींनी हुकातलं टोक सोडवलं. दोन्ही हातांत घट्ट धरलं. सवय नव्हती; कोपरं अवघडली.

"कुठल्या बाजूनं?"

"मी फिरवते त्याच्या उलट. माझ्याकडे बघा आणि पिळा."

दोघांनी पिळलं. पाणी आधी धारेनं पडलं, मग थेंबाथेंबानं. काकूला इतक्या वर्षांत विसरायला झालं होतं की समोर माणूस असला की कापड किती लवकर हलकं होतं. ती रडली का? चेहरा ओला होता खरा. पण हौदाशी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा ओला असायचाच.

हूक अजून भिंतीत आहे. काकूनं काढू दिला नाही. आता त्याला ती छत्री अडकवते. चिमणीचं बाळ वेळेच्या थोडं आधी आलं, मुलगी, आवाज आजोबांचा. तिच्या गालावर मोहरी उगवेल की नाही, ते अजून कुणाला ठाऊक नाही. उगवली तर गूळ वाटायचा नाही आणि कपाळही बडवायचं नाही, पोरीला घेऊन कुठे जायचं ते घराला आता माहीत आहे.

तुम्ही इतका वेळ बसलात, देव तुमचं भलं करो. उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. काकूला लक्षात ठेवू नका, तिला आता तिच्या घरचे लक्षात ठेवतील. तुम्ही भिंगरीला आठवा. उन्हात अभ्रे काढणारी, सूर चुकणारी, हसत येऊन दुसरं टोक धरणारी ती पोर. तीस वर्षं तिला सगळ्यांनी एका ओझ्याखाली पुरून ठेवलं आणि तिचं गाणं कुणी काढलंच नाही. आज झोपण्यापूर्वी देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिचंही एकदा घ्या.